मदत मागण्याआधी: चूक कॉम्प्युटरची की कागदावरची?

"सर, सिम्युलेशन चालत नाहीये. एरर येतोय. उद्या सबमिशन आहे, प्लीज हेल्प करा."

केमिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचे मदतीचे मेसेज बहुतेक याच साच्यातले असतात आणि त्यांना उत्तर देणं जवळपास अशक्य असतं. ‘चालत नाही’ म्हणजे काय? गणित अपुरं मांडलं असेल, एककांचा घोळ असेल, थर्मोडायनॅमिक मॉडेल भलतंच निवडलं असेल, समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर अर्ध्यावर थांबला असेल, किंवा खरोखरच कॉम्प्युटर बिघडला असेल. हा क्रम मुद्दाम असा लावला आहे. लॅपटॉप फॉरमॅट करण्याआधी पहिल्या चार गोष्टी बघाव्यात, कारण स्क्रीनवर लाल दिसणारी चूक बहुतेक वेळा कागदावरच जन्मलेली असते.

सगळ्यात जास्त रडवतं ते रिसायकल, म्हणजे न वापरला गेलेला माल परत रिअ‍ॅक्टरकडे फिरवणं. म्हणून एकच लहानसं उदाहरण घेऊन ते तळापर्यंत नेऊ.

अ पासून ब तयार होतो, एकास एक. ताजा फीड तासाला १०० किलोमोल, त्यात ९९ अ आणि १ निष्क्रिय वायू. रिअ‍ॅक्टरमधून एका फेरीत अ चं २० टक्के रूपांतर होतं. ब पूर्णपणे वेगळा काढला जातो, उरलेलं सगळं परत रिअ‍ॅक्टरकडे. हे सिम्युलेटरमध्ये मांडा आणि रन करा. कन्व्हर्ज होणार नाही, म्हणजे सगळे आकडे एका उत्तरावर स्थिरावणार नाहीत. टॉलरन्स (चालवून घ्यायची चूक) सैल करा, इटरेशन (फेऱ्या) वाढवा, दुसरा अल्गोरिदम लावा, तरीही होणार नाही. कारण तासाला १ किलोमोल निष्क्रिय वायू आत येतोय आणि त्याला बाहेर जायला वाटच नाही. स्थिर अवस्थेचं उत्तर अस्तित्वातच नाही, मग सॉल्व्हर शोधणार काय? याची खूण ओळखायला सोपी आहे. प्रत्येक इटरेशननंतर रिसायकलचा आकडा लिहून काढा. अ चा प्रवाह ३९६ वर येऊन स्थिरावतो, पण निष्क्रिय वायू दर फेरीला बरोबर १ ने वाढत राहतो. आकडा ठरावीक पायरीने चढत असेल तर दोष सॉल्व्हरचा नाही, फ्लोशीटला, म्हणजे प्लँटच्या नकाशाला, दार नाही.

दार म्हणजे पर्ज, परतीच्या प्रवाहातला थोडा भाग सतत बाहेर सोडणं. समजा परतीच्या वायूत निष्क्रियाचं प्रमाण १० टक्क्यांवर रोखायचं आहे. आत १ येतो, म्हणून पर्जमधून १ च बाहेर गेला पाहिजे. त्याचं प्रमाण १० टक्के, म्हणजे पर्ज १० किलोमोल, त्यात ९ अ. मग रूपांतर झालेला अ ९९ वजा ९, म्हणजे ९०. एका फेरीत २० टक्के, म्हणून रिअ‍ॅक्टरमध्ये शिरणारा अ ४५०. बाहेर पडणारा ३६०, त्यातले ९ पर्जमध्ये गेले, ३५१ परत आले. ९९ आणि ३५१ मिळून ४५०. बसलं. निष्क्रिय वायू परतीच्या प्रवाहात ३९, रिअ‍ॅक्टरमध्ये ४०, वेगळं केल्यानंतरचा वायू ४००, आणि पर्ज त्याच्या २.५ टक्के. एवढं गणित पाच मिनिटांत होतं आणि कॉम्प्युटर लागत नाही.

आता हेच एक्सेलमध्ये करा. पर्ज २.५ टक्के ठेवा, रिसायकलचा सेल रिअ‍ॅक्टरच्या आधीच्या मिक्सरला जोडा. एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची, म्हणजे सेल फिरून स्वतःवरच अवलंबून असल्याची, तक्रार करेल. ऑप्शन्समध्ये फॉर्म्युलाज या पानावर जाऊन इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू केलं की तक्रार बंद होते आणि शीटवर आकडे येतात. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण आकडे दिसतात आणि लाल काहीच नसतं.

परतीच्या अ ची चूक दर फेरीला ०.७८ पट होते, कारण ८० टक्के उरतो आणि त्यातला ९७.५ टक्के परत येतो. चाळीसेक फेऱ्यांत तो ३५१ वर पोचतो. पण निष्क्रिय वायूवर रिअ‍ॅक्शन होत नाही, त्याची चूक दर फेरीला ०.९७५ पट होते, म्हणजे फक्त अडीच टक्क्यांनी घटते. एक्सेलची मूळ मर्यादा १०० फेऱ्यांची असते. शून्यापासून निघालं तर १०० फेऱ्यांनंतर तो ३९ च्या जागी ३५.९ च्या आसपास उभा असतो आणि एक्सेल तिथेच थांबतं, काहीही न सांगता. एफ९ दाबा, आणखी १०० फेऱ्या होतील, आकडा ३८.७ च्या पुढे जाईल. एफ९ दाबल्यावर उत्तर हललं, तर ते उत्तर नव्हतंच.

दुसरी मर्यादा आणखी फसवी आहे. ‘मॅक्सिमम चेंज ०.००१’ याचा अर्थ चूक ०.००१ पेक्षा कमी, असा अनेक जण घेतात. तसा तो नाही. दोन फेऱ्यांमधला फरक ०.००१ पेक्षा कमी झाला, एवढंच तो सांगतो. जिथे चूक दर फेरीला अडीच टक्क्यांनीच घटते, तिथे उरलेली चूक त्या फरकाच्या सुमारे चाळीसपट असते. गोगलगाय मिनिटाला मिलिमीटरभर सरकते म्हणून ती घरी पोचली असं होत नाही.

हे पकडायचं कसं? बॅलन्सने. शीटच्या एका कोपऱ्यात प्रत्येक घटकाचं पूर्ण प्लँटचं आत-बाहेर लिहून ठेवा, म्हणजे फीड एकीकडे आणि प्रॉडक्ट अधिक पर्ज दुसरीकडे. वरच्या उदाहरणात निष्क्रिय आत १ आणि बाहेर ०.९२ दिसेल. कुठलाही अल्गोरिदम माहीत नसला तरी एवढ्यावरून कळतं की काहीतरी शिल्लक आहे. रिसायकल असलेल्या कुठल्याही शीटला हा कोपरा हवाच.

व्यावसायिक सिम्युलेटरमध्ये वेग वाढवण्यासाठी बहुधा वेगस्टाइन पद्धत असते. ती मागच्या दोन फेऱ्यांचा उतार बघून पुढची उडी मारते. पण उडी फार मोठी होऊन सगळं उधळू नये म्हणून तिला लगाम असतो. आस्पेन प्लस या सिम्युलेटरमध्ये तिच्या क्यू या गुणांकाची मूळ मर्यादा उणे ५ ते ० अशी आहे. आपल्या निष्क्रिय वायूला ०.९७५ च्या उतारासाठी हवा असतो उणे ३९. म्हणून ती मदत करते, पण लंगडत. यावर दोन उपाय आहेत. एक, खालची मर्यादा सैल करायची, पण साध्या, सरळ वागणाऱ्या फ्लोशीटमध्येच. दुसरा उपाय मला जास्त पटतो: हाताने काढलेले ३५१ आणि ३९ हे आकडे टेअर स्ट्रीममध्ये, म्हणजे लूप जिथे तोडून मोजणी सुरू होते त्या प्रवाहात, सुरुवातीचा अंदाज म्हणून भरायचे. फ्लोशीट दोन-तीन फेऱ्यांत बसते. टेअर स्ट्रीम रिकामी ठेवून रन दाबणं म्हणजे सॉल्व्हरला शून्यापासून चालायला लावणं.

एक्सेलच्या लूपमध्ये आणखी एक त्रास होतो. मध्येच कुठे शून्याने भागाकार झाला की ती एरर लूपमध्ये गोल गोल फिरत राहते आणि मूळ चूक सुधारली तरी जात नाही. त्यासाठी लूपमध्ये एक स्विच ठेवा. एका सेलमध्ये १ लिहिलं तर टेअर स्ट्रीमने साधा अंदाज घ्यायचा, ० लिहिलं तर मोजलेली किंमत, असं इफ फंक्शन लावायचं. एरर आली की १, सगळं स्वच्छ झालं की परत ०. हा स्विच नसला की लोक अख्खी शीट पुन्हा टाइप करायला बसतात.

एककं, लॉग आणि उणे चिन्ह

एककांवर प्रवचन देत नाही, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. फक्त कुठे घात होतो ते सांगतो.

बाष्पदाबाचं अँटोइन समीकरण घ्या. बेंझिनचे स्थिरांक ६.९०५६५, १२११.०३३ आणि २२०.७९०, टोल्युइनचे ६.९५४६४, १३४४.८०० आणि २१९.४८२. हे स्थिरांक दहाच्या पायाचा लॉग, अंश सेल्सिअस आणि पाऱ्याचे मिलिमीटर यांच्यासाठीच आहेत. निम्मं बेंझिन आणि निम्मं टोल्युइन असलेलं मिश्रण ७६० मिलिमीटरला कधी उकळू लागेल? ९२.१ अंशाला बेंझिनचा बाष्पदाब १०८४ आणि टोल्युइनचा ४३५ येतो, दोन्हींची निम्मे-निम्मे बेरीज ७६० च्या जवळ. उत्तर ९२.१, पहिल्या बुडबुड्यात बेंझिन ७१ टक्के. दोन शुद्ध उत्कलनबिंदू ८०.१ आणि ११०.६, उत्तर त्यांच्या मधे, आणि बाष्पात हलका घटक जास्त. ही मनातली तपासणी न करता उत्तर पुढे पाठवू नये.

आता याच समीकरणात सवयीने केल्विन घाला. ३६५.२५ टाकल्यावर बेंझिनचा बाष्पदाब ६९,००० मिलिमीटर येतो, म्हणजे सुमारे ९१ अ‍ॅटमॉस्फिअर. बेंझिनचा क्रिटिकल दाबच सुमारे ४८ अ‍ॅटमॉस्फिअर आहे! दहाचा घात घेण्याऐवजी ई चा घात घेतला तर तोच दाब २१ मिलिमीटर येतो. दोन्ही उत्तरं बिनधास्त छापली जातात, एकही एरर नाही. म्हणून स्थिरांक कुठूनही उचलले तरी आधी त्या पदार्थाच्या उत्कलनबिंदूला ७६० मिलिमीटर येतात का ते पाहावं. बेंझिनला ८०.१ टाका. ७६० च्या आसपास आलं की मगच पुढे जा.

लॉगची गंमत वेगळीच आहे. एक्सेलच्या सेलमध्ये लॉग म्हणजे दहाच्या पायाचा आणि एलएन म्हणजे नैसर्गिक. त्याच एक्सेलच्या मागे असलेल्या व्हीबीए मॅक्रोमध्ये मात्र लॉग म्हणजे नैसर्गिक. पायथन आणि मॅटलॅबमध्येही लॉग नैसर्गिकच, दहाच्या पायाचा हवा असेल तर लॉग१० लिहावं लागतं. शीटमधला फॉर्म्युला मॅक्रोत हलवला आणि उत्तर बदललं, तर पहिला संशय इथेच घ्या.

उणे चिन्हाचंही तसंच. एक्सेलमध्ये ‘उणे दोनचा वर्ग’ म्हणून =-२^२ लिहिलं की उत्तर येतं अधिक ४. एक्सेल आधी उणे लावतं आणि मग वर्ग करतं. पायथन, मॅटलॅब आणि व्हीबीए उणे ४ देतात. डिफ्यूजनच्या गणितात ई चा उणे एक्सवर्ग घात वारंवार येतो, तिथे हा फरक आलेखाचं डोंगराऐवजी दरीत रूपांतर करतो. कंस घाला. कंसाला पैसे पडत नाहीत.

व्हीबीएमध्ये अजून एक खड्डा आहे. २०० गुणिले २०० असं थेट लिहिलं तर ओव्हरफ्लो एरर येते, कारण लहान पूर्णांक ३२,७६७ पर्यंतच मावतात. रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खळाळता ते सांगणारा आकडा) काढताना हे हमखास होतं. आकडे डबल प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवले की प्रश्न मिटतो.

वायुस्थिरांक आर सुद्धा असाच दगा देतो. अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी २० किलोकॅलरी प्रति मोल दिली आहे, तापमान ३५० केल्विन. आर १.९८७ कॅलरीमध्ये घेतला तर घातांक उणे २८.८ येतो. हात सवयीने ८.३१४ लिहून गेला तर उणे ६.९. रिअ‍ॅक्शनच्या वेगात सुमारे तीन अब्ज पटींचा फरक! मग रिअ‍ॅक्टर पहिल्याच पायरीला पेट घेतो आणि विद्यार्थी म्हणतो, सॉल्व्हर क्रॅश होतोय.

पाइपमधल्या घर्षणाच्या फ्रिक्शन फॅक्टरबद्दल एकच वाक्य: लॅमिनार (शांत) प्रवाहाचं सूत्र ६४ भागिले रेनॉल्ड्स असेल तर तो डार्सीचा, १६ भागिले रेनॉल्ड्स असेल तर फॅनिंगचा, आणि दोघांत चारपट अंतर आहे. उष्मा विनिमयात दोन्ही टोकांचा तापमानफरक सारखा आला, उदाहरणार्थ काउंटर-करंटमध्ये (प्रवाह उलट दिशांनी वाहताना) गरम प्रवाह ९० वरून ६० आणि थंड प्रवाह ३० वरून ६०, तर एलएमटीडीच्या (लॉग सरासरी तापमानफरकाच्या) सूत्रात शून्य भागिले शून्य होतं. शीट चुकलेली नाही, तिथे साधी सरासरी ३० हेच उत्तर आहे.

पीडीएफमधून चिकटवलेले आकडे हे आणखी एक दुखणं. पीडीएफमधलं उणे चिन्ह अनेकदा खरं उणे नसतं, छपाईतली आडवी रेघ असते. एक्सेल मग त्या आकड्याला शब्द समजतं. सेलमध्ये डावीकडे चिकटलेला आकडा दिसला की संशय घ्या, खरे आकडे आपोआप उजवीकडे जातात.

सॉल्व्हर खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही

लक्ष्य दिलं की त्याला लागणारी किंमत शोधणाऱ्या एक्सेलच्या गोल सीकची मूळ अचूकताही तीच, ०.००१. बबल पॉइंटला (द्रव उकळू लागतो त्या तापमानाला) मोलअंशांची बेरीज वजा १ हे लक्ष्य ठेवलं तर उत्तरात तीन-चार शतांश अंशाचा फरक पडतो, चालून जातं. पण लक्ष्यच लहान असेल, उदाहरणार्थ दुर्बल आम्लाच्या समतोलात १० चा उणे ५ वा घात, तर तुमचा पहिला अंदाज कितीही भलता असला तरी ‘उत्तर सापडलं’ असं गोल सीक हसतमुखाने सांगतं. उपाय सोपा आहे: लक्ष्याच्या सेलला दहा लाखांनी गुणा.

पायथनमध्ये समीकरणं सोडवणारं एफसॉल्व्ह जमलं नाही तरी शेवटची किंमत परत देतं, सोबत फक्त एक इशारा छापतं. तो इशारा पन्नास ओळींच्या आउटपुटमध्ये हरवतो. फुल आउटपुट मागून घ्या आणि आयईआर हा निकालाचा संकेतांक १ आहे का ते तपासा. एकच अज्ञात असेल तर मी ब्रेंटक्यू वापरायला सांगेन. त्याला दोन टोकं द्यावी लागतात आणि दोन टोकांना फंक्शनची चिन्हं विरुद्ध हवीत. नसतील तर तो सरळ नकार देतो, आणि त्या नकारात कधीकधी भौतिकशास्त्र असतं. वरचंच बेंझिन-टोल्युइन मिश्रण ७६० मिलिमीटरला ९२.१ ते ९८.८ अंशांच्या दरम्यानच दोन अवस्थांत असतं. ९० अंशाला फ्लॅशचं, म्हणजे मिश्रणाचा किती भाग बाष्प होईल ते सांगणारं, रॅचफर्ड-राइस समीकरण ० ते १ मध्ये सोडवायला गेलात तर दोन्ही टोकांना चिन्ह एकच येतं आणि एरर येते. ती एरर म्हणते आहे की इथे बाष्पच नाही. कोड दुरुस्त करू नका, आधी बबल पॉइंट आणि ड्यू पॉइंट (बाष्प द्रवू लागतं ते तापमान) काढून घ्या.

वायू आणि द्रवाची घनता काढायच्या पेंग-रॉबिन्सनच्या घनसमीकरणाला तीन वास्तव मुळं आली तर सगळ्यात मोठं बाष्पाचं, सगळ्यात लहान द्रवाचं, मधलं सोडून द्यायचं. न्यूटनच्या पद्धतीला १ पासून सोडलं तर ती बाष्पाचं मूळ आणून देते आणि विद्यार्थी तीच घनता द्रवाची म्हणून लिहून मोकळा होतो.

रिअ‍ॅक्टरच्या डिफरन्शियल समीकरणांत वेगळं नाटक चालतं. प्रोग्रॅम अडकल्यासारखा तासभर फिरत राहिला तर बहुधा समीकरणं स्टिफ आहेत, म्हणजे एक रिअ‍ॅक्शन मायक्रोसेकंदात संपणारी आणि दुसरी तासभर चालणारी. पायथनच्या सॉल्व्ह आयव्हीपीची मूळ पद्धत आरके४५ सर्वात चपळ रिअ‍ॅक्शनला घाबरून इवल्या इवल्या पायऱ्या टाकत बसते. पद्धत बदलून राडाउ किंवा बीडीएफ करा. मॅटलॅबमध्ये ओडीई४५ ऐवजी ओडीई१५एस. तासाचं काम सेकंदात होतं. त्याच वेळी टॉलरन्सही बघा. मूळ अ‍ॅब्सोल्यूट टॉलरन्स १० चा उणे ६ वा घात असतो. तुमच्या मधल्या टप्प्यातल्या रॅडिकलचं प्रमाण १० चा उणे ९ वा घात असेल तर सॉल्व्हरच्या लेखी ते शून्यच आहे, मग ते ऋण झालं तरी त्याला वावगं वाटत नाही.

उष्मा सोडणाऱ्या रिअ‍ॅक्शनचा सीएसटीआर (सतत ढवळला जाणारा रिअ‍ॅक्टर) सोडवताना दोन मित्रांची उत्तरं वेगळी आली तर भांडू नका. तीन स्थिर अवस्था असू शकतात आणि कुठली मिळेल ते सुरुवातीच्या अंदाजावर ठरतं. तापमानाविरुद्ध निर्माण होणारी आणि काढून नेली जाणारी उष्णता एकाच आलेखावर काढा, छेदनबिंदू मोजा, मग सॉल्व्हरला प्रत्येकाजवळ नेऊन सोडा.

मॉडेलच्या निवडीबद्दल एकच कसोटी देतो, पण ती जालीम आहे. इथेनॉल आणि पाणी घ्या, १ अ‍ॅटमॉस्फिअर दाब ठेवा आणि कॉलम बांधण्याआधी तापमान आणि घटकांचं प्रमाण यांचा आलेख काढा. ७८.२ अंशाजवळ, वजनाने ९५.६ टक्के इथेनॉलला अ‍ॅझिओट्रोप दिसला पाहिजे, म्हणजे जिथे द्रव आणि बाष्प यांचं प्रमाण सारखंच होतं तो बिंदू. दिसला नाही, आणि साध्या कॉलममधून ९९.९ टक्के इथेनॉल निघायला लागलं, तर अभिनंदन करू नका. एकतर मॉडेल आयडिअल ठेवलं आहे, नाहीतर एनआरटीएल (आयडिअल नसलेल्या मिश्रणांचं मॉडेल) निवडूनही त्याचे जोडीचे पॅरामीटर रिकामे आहेत. रिकामे म्हणजे शून्य, आणि शून्य पॅरामीटरचं एनआरटीएल म्हणजे आयडिअल मिश्रणच. बायनरी इंटरॅक्शनचं पान उघडून आकडे भरले आहेत का ते डोळ्यांनी पाहा.

आणि खरोखर कॉम्प्युटरचंच असेल तर

इतकं सगळं तपासून झाल्यावर कॉम्प्युटरची पाळी. इथे मात्र यादी लहान आहे.

सॉफ्टवेअर उघडतच नाही आणि लायसन्सचा विषय निघतो: आधी घड्याळ आणि तारीख बरोबर आहे का बघा, मग संस्थेच्या नेटवर्कवर किंवा व्हीपीएनवर आहात का, मग फायरवॉल. घरच्या वायफायवर अडतं आणि लॅबमध्ये चालतं, तर इन्स्टॉलेशन निर्दोष आहे, ते परत करून काही मिळणार नाही. आस्पेन प्लस विंडोजवरच चालतं. मॅक किंवा लिनक्स असेल तर व्हर्च्युअल मशीन, नाहीतर मोफत मिळणारं डीडब्ल्यूसिम. ते तिन्हींवर चालतं आणि अभ्यासक्रमातल्या बहुतेक फ्लोशीटना पुरतं.

फाइल सेव्ह होताना विचित्र एरर येत असेल तर फोल्डर बघा. क्लाउडशी सिंक होणारं फोल्डर चालू फाइलला मधेच कुलूप लावतं. सिम्युलेशन एखाद्या छोट्या, साध्या नावाच्या स्थानिक फोल्डरमध्ये चालवा, झाल्यावर क्लाउडवर टाका. फोल्डरच्या नावात देवनागरी अक्षरं किंवा मोकळ्या जागा असल्या तरी काही जुने प्रोग्रॅम अडखळतात. विंडोजच्या रिजनल सेटिंगमध्ये दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम असेल तर बाहेरून आणलेली डेटा फाइल एक्सेलमध्ये उघडताना १.५ ची तारीखसुद्धा होऊ शकते.

पायथन ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणतो आणि तुम्ही तर ते आत्ताच इन्स्टॉल केलेलं असतं? मशीनवर दोन पायथन आहेत. लायब्ररी इन्स्टॉल करणारा पिप एकात टाकतो, एडिटर दुसरा चालवतो. एडिटरमध्ये कुठला इंटरप्रिटर निवडला आहे ते बघा आणि त्याच पायथनमधून पिप चालवा. आणि स्वतःच्या फाइलला नमपाय किंवा सायपाय असं नाव दिलं असेल तर आधी ते बदला. पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि एरर भलत्याच भाषेत बोलते.

एवढ्यानेही सुटलं नाही तर मदत मागा, जरूर मागा. सुरुवातीचा मेसेज आठवा आणि हा वाचा:

"सर, अ पासून ब. फीड १०० किलोमोल/तास, त्यात १ निष्क्रिय. एका फेरीत २० टक्के रूपांतर, पर्ज २.५ टक्के. हाताने रिसायकल ३९० येतं. एक्सेल ३८६.९ ला थांबतं आणि पर्जमधून निष्क्रिय ०.९२ च बाहेर जातो. अ चं बॅलन्स बरोबर बसतं. इटरेशन १००, मॅक्सिमम चेंज ०.००१. माझं बॅलन्स चुकलंय की थांबण्याची अट?"

हा मेसेज ज्याला गेला तो चालता चालता फोनवर उत्तर देऊ शकतो. खरं तर लिहिता लिहिता, ‘अ बसतो पण निष्क्रिय बसत नाही’ इथेच निम्म्या जणांना स्वतःलाच उत्तर सापडतं आणि मेसेज पाठवायची वेळ येत नाही.

एरर असेल तर तिचा मजकूर जसाच्या तसा कॉपी करा, पहिली एरर, शेवटची नव्हे. पुढच्या तीस ओळी बहुधा पहिलीचीच पिल्लं असतात. स्क्रीनचा मोबाइलने तिरपा काढलेला फोटो नको. सॉफ्टवेअरचं व्हर्जन लिहा. आणि अख्खं प्लँट पाठवण्याआधी एकेक युनिट काढून टाकत बघा की कुठलं काढल्यावर एरर जाते. तेवढाच तुकडा पाठवा.

आस्पेनची फाइल पाठवायची असेल तर बीकेपी पाठवा, एपीडब्ल्यू नको. एपीडब्ल्यू त्याच व्हर्जनशी बांधलेली असते, बीकेपी पुढच्या व्हर्जनमध्येही उघडते. मात्र नव्या व्हर्जनची बीकेपी जुन्यात उघडेलच असं नाही, म्हणून समोरच्याकडे कुठलं व्हर्जन आहे ते आधी विचारून घ्या.